तेल पाजून फॅट का वाढत नाही? गाईच्या खुराकातील स्निग्धांश, पायरीपायरीने

पहिली गाय गोठ्यात येऊन दोन-तीन महिने झाले की प्रत्येक नवख्या दूध उत्पादकाला एकच प्रश्न छळतो: दुधाची फॅट कशाने वाढेल? संकलन केंद्रावर यंत्रावर ३.१ उमटलं की रांगेतलं कुणीतरी हमखास सांगतं, ‘रोज पावशेर तेल चालू कर.’ हा सल्ला मी पहिल्या वर्षी ऐकला आणि पाळलाही. एका एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाईला सकाळच्या अंबोणात, म्हणजे पेंड-भरड्याच्या खुराकात, रोज २०० मिली सोयाबीन तेल कालवून द्यायला लागलो. तेव्हा तिची फॅट ३.६ लागत होती. आठव्या-नवव्या दिवशी ती ३.० वर आली. शेण पातळ झालं, गव्हाणीत चारा उरायला लागला. तेल बंद केलं, तरी फॅट मूळ जागी यायला जवळजवळ तीन आठवडे लागले.

त्या तेलाचं पोटात काय होतं हे कळलं की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सोपे होतात. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधात उरणाऱ्या घन पदार्थांना) धरून सांगितला जातो आणि त्याखाली प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, पैसे कापले जातात. त्यामुळे हा विषय थेट घरखर्चाचा आहे. पण घाईने बाटली किंवा पोतं आणण्याआधी थोडं गाईच्या पोटात डोकावू.

दुधातली फॅट येते कुठून

साधारण निम्मी फॅट गाईची कास स्वतः तयार करते. तिचा कच्चा माल म्हणजे चारा. कोठीपोट, म्हणजे गाईचं पहिलं मोठं पोट, ही शंभर लिटरहून मोठी आंबवण्याची टाकी आहे. तिथले जिवाणू कडबा, गवत, मुरघास यांतला तंतू कुजवतात आणि त्यातून मुख्यतः अ‍ॅसिटेट तयार होतं. व्हिनेगरमध्ये असतं तेच हे आम्ल. ते रक्तातून कासेत जातं आणि तिथे त्याची फॅट बनते. मका भरडा किंवा गोळी पेंड यांतल्या स्टार्चपासून मात्र प्रोपिओनेट जास्त तयार होतं. त्याची यकृतात साखर होते आणि त्यातून दुधातली साखर, लॅक्टोज, बनते; ती पाणी ओढते, म्हणजे पर्यायाने दुधाचे लिटर येतात. ‘चाऱ्याने फॅट, खुराकाने दूध’ हे जुने लोक म्हणायचे त्यामागे हेच कारण आहे.

उरलेली निम्मी फॅट रक्तातून तयार स्वरूपात येते. काही खुराकातल्या तेलातून, काही गाईच्या अंगावरच्या चरबीतून. म्हणजे खुराकातलं तेल दुधात उतरतं हे खोटं नाही. अडचण अशी की ते तेल कोठीपोटातून पुढे जाताना पहिल्या निम्म्या फॅटचा कारखाना बिघडवू शकतं.

सोयाबीन, सूर्यफूल, करडई, सरकी यांची तेलं असंतृप्त असतात. तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना मोकळं असंतृप्त तेल विषासारखं असतं. ते चाऱ्याच्या कणांवरही थर धरतं. जिवाणू स्वतःला वाचवण्यासाठी त्या तेलात हायड्रोजन घालून त्याला संतृप्त करतात. गाय पातळ तेलाची सरकी खाते आणि तिचं तूप मात्र थिजतं, त्याचं एक मोठं कारण हेच.

हे काम निवांत चाललं तर ठीक. तेल एकदम ओतलं गेलं किंवा जास्त खुराकामुळे कोठीपोट आंबट झालं, तर हायड्रोजन घालण्याची वाट बदलते आणि अर्धवट रूपांतर झालेली काही आम्लं पुढे निसटतात. त्यातल्या एकाचं नाव ट्रान्स-१०, सिस-१२ सीएलए (तेलातल्या लिनोलिक आम्लाचं एक बदललेलं रूप). ते कासेत पोचलं की फॅट तयार करणारी यंत्रणाच मंदावते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे आम्ल कोठीपोट वगळून थेट पुढच्या पोटात रोज फक्त १० ग्रॅम सोडलं, तर चार-पाच दिवसांत दुधाची फॅट ४० टक्क्यांहून जास्त उतरली. खुराकामुळे फॅट पडते ही नोंद फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ बूसिंगो यांनी १८४५ मध्येच केली होती. तिचं नेमकं कारण हाती लागायला दीडशे वर्षं गेली. तेव्हा गावातल्या कुणाला ते उमगलं नाही म्हणून दोष देण्यात अर्थ नाही.

पायरी १: आधी खरी फॅट मोजा

खुराकात काहीही बदलण्याआधी आज नेमकी किती फॅट आहे ते लिहून ठेवा. कॅनमधलं एकत्र दूध यासाठी उपयोगाचं नाही. प्रत्येक गाईचं वेगळं, सकाळ-संध्याकाळचं वेगळं, असं सलग तीन दिवस तपासा.

इथे नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत होते. धारेच्या सुरुवातीचं दूध पातळ असतं, त्यात फॅट एक-दोन टक्केच असते. शेवटच्या धारांत ती सात-आठ टक्क्यांच्या वर जाते. शेवटचं दूध वासराला सोडलं किंवा घाईत कास पूर्ण मोकळी केली नाही, तर चांगल्या गाईचीही फॅट कमी दिसणार. मग खुराकात कितीही पैसे घाला, काही उपयोग नाही. कास पूर्ण मोकळी करा, दूध एका भांड्यातून दुसऱ्यात दोन-तीनदा ओतून सारखं करा आणि मगच नमुना घ्या.

दोन धारांमधलं अंतरही पाहा. पहाटे पाच आणि दुपारी चार अशी वेळ असेल तर सकाळचं दूध तेरा तास साठलेलं असतं. ते जास्त निघतं आणि फॅट कमी लागते. संध्याकाळचं उलट. ही आजाराची खूण नाही.

गाय कोणती आणि कितव्या महिन्यात आहे, हेही वहीत लिहा. एचएफकडून ३.५ च्या आसपासची, जर्सीकडून ४.५ ते ५ ची, गीरकडून ४.५ च्या आसपासची अपेक्षा रास्त आहे. खुराकाने एचएफची गीर होत नाही. नुकतीच व्यायलेली गाय अंगावरची चरबी वितळवून दूध देते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत फॅट चढी असते आणि नंतर दीड-दोन महिन्यांच्या सुमारास सगळ्यात खाली येते. हा उतार स्वाभाविक आहे. त्या वेळी तुम्ही नवी पेंड चालू केली असेल, तर बिचाऱ्या पेंडीवर उगाच आळ येतो.

टक्केवारीबरोबर फॅटचे एकूण ग्रॅमही काढायला शिका. १५ लिटर दूध आणि ३.५ फॅट म्हणजे दिवसाला सुमारे ५२५ ग्रॅम. तीच गाय आजारी पडून १२ लिटरवर आली आणि फॅट ४.० झाली, तर ४८० ग्रॅम. टक्का वाढला, पण गाय कमी फॅट देते आहे. ही बेरीज न करता ‘फॅट वाढली’ म्हणून खूश झालेले लोक मी पाहिले आहेत.

पायरी २: चारा सुधारा, कारण निम्मी फॅट तिथे आहे

स्निग्धांशाच्या लेखात चाऱ्याला इतकी जागा का, असं वाटेल. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे कमी फॅटच्या दहापैकी बहुतेक तक्रारी चाऱ्याच्या आणि खुराक देण्याच्या पद्धतीच्या असतात. कोठीपोट आंबट असताना चांगला बायपास फॅटही (कोठीपोटात न विरघळता पुढे जाणारा विकतचा स्निग्धांश) पूर्ण फळ देत नाही.

शुष्क पदार्थाच्या हिशोबाने, म्हणजे पाणी वजा करून, किमान ५५ ते ६० टक्के भाग चाऱ्याचा ठेवा. पावसाळ्यात इथेच चूक होते. हिरवा मका किंवा कोवळं नेपियर गवत पाटीभर दिसतं, पण त्यात ऐंशी टक्के पाणी असतं. पोट भरतं, तंतू मिळत नाही. त्या दिवसांत रोज दोन किलो तरी कडबा कुट्टी किंवा वाळलेलं गवत हवंच. उसाच्या वाढ्यांवर गाय जगते, पण त्यांवर दुधाची फॅट उभी राहत नाही. त्यात ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम अडवतं.

कुट्टी फार बारीक नको. दोन ते चार सेंटिमीटरचे तुकडे बरे. पीठ झालेला कडबा रवंथ करायला लावत नाही, आणि रवंथ नाही तर लाळ नाही. गाईच्या लाळेत नैसर्गिक सोडा असतो आणि तोच कोठीपोटाची आंबटाई मारतो. गाई निवांत बसलेल्या असताना गोठ्यात जा आणि मोजा: दहापैकी पाच-सहा तरी रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. दोन-तीनच दिसल्या तर पुढच्या पायऱ्या तूर्त बाजूला ठेवा.

सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी पाच किलो अंबोण घालू नका. आधी चारा, मग अंबोण, आणि तेही दिवसातून तीन-चार वेळा विभागून. एका वेळी दोन-अडीच किलोच्या वर जाऊ नका. खुराक जास्त असेल तर रोज ५० ते १०० ग्रॅम खाण्याचा सोडा अंबोणात मिसळा. एवढं पंधरा दिवस नेटाने केलं, तरी अनेक गोठ्यांत फॅट दोन-तीन पॉइंट वर येते, आणि खर्च जवळजवळ काही नाही.

पायरी ३: खुराकात आधीच किती तेल आहे ते मोजा

‘माझ्या खुराकात तेल नाहीच’ असं वाटतं, पण ते प्रत्येक घासात थोडं थोडं असतं. सुमारे ४०० किलो वजनाची, १५ लिटर दूध देणारी संकरित गाय घेऊ. तिचा दिवसाचा आहार असा धरा:

मुरघास १५ किलो. त्यात शुष्क पदार्थ ४.५ किलो, त्याच्या ३ टक्के तेल, म्हणजे १३५ ग्रॅम.
नेपियर १० किलो. शुष्क पदार्थ २ किलो, तेल सुमारे ४० ग्रॅम.
कडबा कुट्टी २ किलो. शुष्क पदार्थ १.८ किलो, तेल २५-२७ ग्रॅम.
गोळी पेंड ४ किलो. पोत्यावर ३ टक्के लिहिलं असेल तर १२० ग्रॅम.
सरकी पेंड १ किलो, ७ टक्क्यांनी ७० ग्रॅम.
मका भरडा १ किलो, ४ टक्क्यांनी ४० ग्रॅम.

एकूण शुष्क पदार्थ १३.७ किलो आणि तेल ४३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या थोडं खाली. ही गाय रोज सव्वापाचशे ग्रॅम फॅट दुधातून देते आणि खाते ४३० ग्रॅम. खाल्लेलं सगळं तेलही दुधात जात नाही. बाकीची फॅट तिने कडब्यातून आणि मुरघासातून बनवली आहे. मला या हिशोबाचं आजही नवल वाटतं.

वरची मर्यादा साधारण अशी पाळतात: सगळे स्रोत मिळून स्निग्धांश शुष्क पदार्थाच्या ६ टक्क्यांच्या आत, फार तर ७. त्यातले तीनेक टक्के रोजच्या चारा-खुराकातून, दीड-दोन टक्के तेलबियांतून, आणि त्यापुढे काही लागलंच तर ते बायपास स्वरूपात. आपल्या गाईसाठी ६ टक्के म्हणजे ८२० ग्रॅम.

आता माझ्या त्या २०० मिली तेलाकडे परत या. त्याचं वजन सुमारे १८५ ग्रॅम. ४३० मध्ये मिळवलं तर ६१५, म्हणजे साडेचार टक्के. बेरीज मर्यादेत बसते! तरीही फॅट पडली. कारण तेल किती आहे याइतकंच ते कोणत्या रूपात आणि किती वेगाने कोठीपोटात उतरतं हे महत्त्वाचं आहे. सोयाबीन तेलात निम्म्याहून जास्त लिनोलिक आम्ल असतं आणि ते एकाच घासात मोकळं झालं.

काही स्रोत हिशोबातून निसटतात, ते लक्षात ठेवा. भंडारा-गोंदिया किंवा कोकणात स्वस्त मिळतो तो न तेल काढलेला तांदळाचा कोंडा: त्यात १२ ते १८ टक्के तेल असतं, तेही मोकळं आणि लवकर खवट होणारं. छत्रपती संभाजीनगरकडच्या मद्यनिर्मिती कारखान्यांतून येणारा बिअरचा चोथा: शुष्क पदार्थावर ६-७ टक्के. मक्याचं डीडीजीएस (इथेनॉल काढून उरलेला वाळवलेला चोथा): ८ टक्क्यांच्या आसपास असू शकतं. तिन्ही वस्तू वाईट नाहीत. पण तिन्ही एकदम चालू असताना वर सरकी आणि तेल गेलं, तर कारण शोधायला दुसरीकडे जायला नको.

ही आकडेमोड डोक्याला ताण वाटली तर एनडीडीबीचं (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचं) ‘पशु पोषण’ अ‍ॅप संतुलित आहार काढून देतं. पण एकदा तरी स्वतः वही-पेन घेऊन करा. आपल्या गोठ्याचे आकडे हाताखालून गेले की पेंड विकणाऱ्याशी बोलणं बदलतं.

पायरी ४: स्निग्धांशाचं रूप निवडा

मोकळं तेल: देऊ नका. मोहरी, सोयाबीन, पाम, उरलेलं तळणाचं, कुठलंही. पोटफुगीवर पशुवैद्यकाने सांगितलेलं तेल हा औषधाचा भाग आहे, तो वेगळा.

पेंड: घाण्याच्या किंवा एक्सपेलरच्या पेंडीत ६ ते ८ टक्के तेल राहतं. सॉल्व्हंटने तेल काढलेल्या डीओसीत जेमतेम एक टक्का. दोन्हींत प्रथिनं चांगली असतात. ‘पेंड’ या एका शब्दाखाली दोन्ही विकल्या जातात, म्हणून विचारून घ्या. शेंगदाणा पेंड असो वा सरकी पेंड, बुरशीचा वास किंवा गुठळ्या दिसल्या तर स्वस्तातही घेऊ नका. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष दुधात उतरतं आणि ते दूध आपलीच मुलं पितात.

अख्खी सरकी: आपल्याकडची ही फार मोलाची वस्तू आहे. हिच्यात १८ ते २० टक्के तेल आहे, तेही असंतृप्तच. मग हिने फॅट का पडत नाही? तेल टरफलाच्या आत बंद असतं. गाय चावते, रवंथ करते, आणि ते तासातासाने थोडं थोडं झिरपतं. जिवाणूंना हायड्रोजन घालायला वेळ मिळतो. शिवाय सरकीवरची कापसाची लव हा उत्तम तंतू आहे. म्हणजे एकाच दाण्यात तेल, प्रथिन आणि चारा. १५ लिटरच्या गाईला दिवसाला एक ते दीड किलो पुरे. भरडू नका, भरडली की तेल मोकळं होतं आणि हा सगळा फायदा जातो. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. मोठ्या गाईचं कोठीपोट ते बऱ्यापैकी निष्प्रभ करतं, पण लहान वासरांचं नाही. वासरांना सरकी किंवा सरकी पेंड घालू नये.

सरकीवरून एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. आपल्या देशात तुपाच्या शुद्धतेची जी मानकं ठरली, त्यांत ‘कपाशीचा पट्टा’ अशी वेगळी नोंद वर्षानुवर्षे होती: जिथे जनावरांना सरकी भरपूर खाऊ घालतात असे भाग. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपात कमी लांबीची, वाफ होऊन उडणारी आम्लं कमी भरतात, आणि ठरलेल्या चाचणीत ते शुद्ध तूपही भेसळीचं वाटू शकतं. म्हणून त्या भागांसाठी आकडे निराळे ठेवावे लागले. गव्हाणीतली मूठभर सरकी थेट तुपाच्या बरणीपर्यंत पोचते, याला याहून चांगला दाखला मला माहीत नाही. असाच प्रकार २०२१ मध्ये कॅनडात झाला. लोणी नेहमीच्या तापमानालाही कडक राहतं अशी ग्राहकांची ओरड झाली आणि बोट गाईंना दिल्या जाणाऱ्या पाम तेलाच्या पूरकांकडे गेलं.

बायपास फॅट: कोठीपोटात न विरघळता पुढे जाणारा स्निग्धांश. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला, पाम तेलाच्या आम्लांचे कॅल्शियम क्षार. यात सुमारे ८४ टक्के स्निग्धांश आणि ७ ते ९ टक्के कॅल्शियम असतं, आणि वास थोडा साबणासारखा येतो. कोठीपोट फार आंबट असेल तर हा क्षार तिथेच फुटतो आणि आतलं तेल मोकळं होतं. पायरी २ आधी करा असं मी म्हणतो त्याचं हेही कारण. दुसरा, पांढऱ्या दाणेदार किंवा भुकटीच्या रूपातला संतृप्त स्निग्धांश, ९९ टक्क्यांच्या आसपास. त्यात पामिटिक आम्ल जास्त असेल तर दुधाच्या फॅटचा टक्का वाढायला तो अधिक उपयोगी पडतो. ओलेइक आम्ल जास्त असलेला प्रकार गाईच्या अंगावर मांस-चरबी टिकवायला जास्त मदत करतो. म्हणून पोत्यावरचं ‘फॅट वाढवा’ वाचून भागत नाही. पामिटिक किती टक्के, ओलेइक किती टक्के, हे विचारा. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर दुसरीकडे बघा.

पायरी ५: कोणाला, कधी, किती

सगळ्या गाईंना सरसकट बायपास फॅट घालणं हा पैशाचा अपव्यय आहे. आठ-दहा लिटरच्या, अंगाने भरलेल्या, वेताच्या शेवटाकडच्या गाईला त्याची गरज नाही. भाकड गाईलाही नाही. खरी गरज असते ती नुकत्या व्यायलेल्या, जास्त दुधाच्या गाईला. तिचं दूध चढत असतं, भूक मात्र अजून उघडलेली नसते. स्निग्धांशात धान्याच्या सव्वादोन पट ऊर्जा असते, म्हणून कमी खाण्यातही तूट थोडी भरून निघते.

सुरुवात ५० ग्रॅमने करा. आठ-दहा दिवसांत १०० वर आणि गरज असेल तर १५० ते २०० ग्रॅमवर न्या. साबणाच्या वासामुळे काही गाई पहिले दोन दिवस नाक मुरडतात. थोड्या भिजवलेल्या अंबोणात मिसळा. व्याल्यापासून तीनेक महिने द्या आणि मग हळूहळू कमी करा. उन्हाळ्यातही त्याचा फायदा आहे: धान्य-चारा पचताना जितकी उष्णता तयार होते, तितकी स्निग्धांश पचताना होत नाही. सोलापूर किंवा मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये, गाय धापा टाकत असताना, हे मोलाचं आहे.

आतड्यात मोकळी आम्लं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी बांधली जातात, म्हणून स्निग्धांश वाढवला की खनिज मिश्रणात खंड पडू देऊ नका.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. बायपास फॅटच्या किलोच्या दराला ०.१५ ने गुणा, तो १५० ग्रॅमचा रोजचा खर्च. वाढलेले पॉइंट आणि वाढलेले लिटर यांचे डेअरीने दिलेले पैसे त्याहून जास्त आले तरच चालू ठेवा.

पायरी ६: एसएनएफची अपेक्षा स्निग्धांशाकडून करू नका

दुधाच्या घटकांत खुराकाने सगळ्यात जास्त हलते ती फॅट. प्रथिनं थोडी हलतात. लॅक्टोज जवळजवळ जागचं हलत नाही. एसएनएफ म्हणजे प्रथिनं, लॅक्टोज आणि खनिजं, त्यामुळे ते चिवट असतं. उलट खुराकात स्निग्धांश वाढवला की दुधातल्या प्रथिनांचा टक्का एखाद-दुसऱ्या पॉइंटने उतरतो. कारण कोठीपोटातले जिवाणू स्निग्धांशावर वाढत नाहीत, ते स्टार्च आणि तंतूवर वाढतात, आणि गाईच्या प्रथिनांचा मोठा वाटा हे जिवाणूच पुरवतात. एसएनएफ ८.२ वर अडकलं असेल तर एकूण ऊर्जा, म्हणजे मका भरड्यासारखं धान्य आणि पोटभर चांगला चारा, आणि त्याच्या जोडीला पुरेसं प्रथिन, इकडे बघा. कासदाह नाही ना, तेही तपासून घ्या.

डिग्रीबद्दल एक सूचना. फॅट पाण्याहून हलकी असते, म्हणून फॅट वाढली की लॅक्टोमीटरची (दुधाची घनता मोजणाऱ्या नळीची) डिग्री किंचित खाली दिसू शकते. एसएनएफ काढताना डिग्रीच्या चौथ्या हिश्शात फॅटचा काही अंश आणि एक ठरलेला आकडा मिळवतात, तेव्हा ती घट भरून निघते. नुसती डिग्री पाहून घाबरू नका.

पायरी ७: एका वेळी एकच बदल, मग थांबा

खुराकातल्या चुकीमुळे फॅट सात ते दहा दिवसांत पडते, आणि ती सावरायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून चौथ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून दुसरी पेंड आणू नका. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तीन दिवस नमुने घ्या आणि पहिल्या आकड्यांच्या शेजारी लिहा.

मधल्या काळात शेण आणि गव्हाण बघत राहा. शेण पातळ, चकचकीत, त्यात न पचलेले दाणे. चारा निवडून मागे टाकणं. रवंथ कमी: यांपैकी दोन गोष्टी दिसल्या की स्निग्धांश निम्म्यावर आणा आणि वाळलेला चारा वाढवा. डेअरीच्या यंत्रावर प्रथिनांचा आकडा मिळत असेल तर फॅटला प्रथिनाने भागा. १.१ ते १.३ दरम्यान उत्तर आलं तर बरं चाललं आहे. १ च्या खाली, म्हणजे फॅट प्रथिनांपेक्षाही कमी, तर कोठीपोट आंबट झालं आहे किंवा मोकळं तेल जास्त होतं आहे. नुकत्या व्यायलेल्या गाईत ते १.४ च्या वर गेलं, तर फॅट चढी म्हणून आनंद मानू नका. ती अंगावरची चरबी झपाट्याने वितळवते आहे, किटोसिसची (चरबी फार वितळल्याने होणाऱ्या आजाराची) शक्यता आहे, आणि अशा वेळी पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवा.

गाय तीन महिन्यांची व्यायलेली झाली, अंग धरू लागली, दूध स्थिर झालं की बायपास फॅट आठवड्याला ५० ग्रॅमने कमी करत आणा. पूर्ण बंद केल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा नमुना घ्या. फॅट तिथेच राहिली असेल तर उरलेलं पोतं कोरड्या जागी बांधून ठेवा आणि पुढच्या व्यायणाऱ्या गाईला वापरा.